कुत्र्याच्या चार अंघोळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मानपाड्याच्या आमच्या चाळीतही सायन्सला मी एकटीच, त्यामुळे इंग्रजीत छापलेलं काहीही वाचायला माझ्याकडे येतं. मिक्सरचं गॅरंटी कार्ड, विजेचं बिल, गोळ्यांचं पाकीट. मला सगळं कळतं असं नाही. पण ‘कळत नाही’ म्हटलं की आईचा चेहरा उतरतो, म्हणून मी मोबाईलवर शब्द शोधत बसते.

गेल्या उन्हाळ्यात चाळीतल्या तपकिरी कुत्र्याला खरूज झाली. हा कुत्रा नक्की कोणाचा, हे कधी ठरलं नव्हतं. प्रत्येक घरात त्याला वेगळं नाव होतं आणि तो सगळ्या नावांना शेपूट हलवायचा. खाजवून खाजवून त्याच्या मानेवरचे केस गेले, तेव्हा पहिल्या घरातल्या काकांनी कल्याणच्या मेव्हण्याच्या तबेल्यातून एक बाटली आणली. म्हशींच्या गोचिडांवरचं औषध. खरजेवरही चालतं म्हणाले.

“तू वाच आणि सांग, कुत्र्याला किती घालायचं,” असं म्हणून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

लेबलावर कुत्र्यांसाठी वेगळी ओळ होती. मी ती चार वेळा वाचली, प्रमाण तीन वेळा काढलं. आणि मग मला मोह झाला. जर्नलमध्ये लिहितो तसं मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं. उद्देश : खरूज घालवणे. साहित्य : औषध, बादली, पाणी, हातमोजे, कुत्रा. कृती : अमुक पाण्यात अमुक औषध मिसळून अंगाला लावावे, पुसू नये, वाळू द्यावे. खाली निरीक्षण आणि निष्कर्ष यांची जागा रिकामी सोडली, कारण प्रयोग अजून व्हायचा होता. कागद सार्वजनिक नळाच्या भिंतीवर चिकटवला, बाटली वरच्या कठड्यावर ठेवली आणि रविवार असूनही ठाण्याला मैत्रिणीकडे खरं जर्नल पूर्ण करायला गेले.

पाच वाजता परत आले तर चाळ खूश होती. पाण्याच्या जारवाल्याचं आणि या कुत्र्याचं जुनं वैर. तो जारवाला नळापाशी गोंधळून उभा होता.

“आज भुंकला नाही,” तो म्हणाला. “मी दोनदा आलो-गेलो.”

“औषध लागू पडलं,” काका म्हणाले. “खाज गेली की माणूससुद्धा झोपतो.”

“महिनाभर जागा होता बिचारा,” शेजारच्या मावशी शिलाई मशीनवरून म्हणाल्या. “झोपू दे त्याला.”

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, भिंतीवरच्या कागदाकडे मी एकदा बघूनही घेतलं. मग बिस्कीट आणलं आणि त्याच्या नाकापुढे धरलं. तो हलला नाही. बिस्कीट नाकावर ठेवलं, तरी नाही. कान धरला तर भर उन्हाळ्यात तो गार लागला. छातीवर हात ठेवून ठोके मोजायला लागले. एक ठोका पडला की पुढचा येईपर्यंत मला घाम फुटत होता.

“काका, याला डॉक्टरकडे न्यायला हवं. आत्ता.”

आईने न विचारता जुनी गोधडी दिली. मी बाटली पिशवीत टाकली. रिक्षात काका, मावशी आणि मांडीवर कुत्रा घेतलेली मी. बाबा रिक्षावाल्याशेजारी टेकले.

“चावणार तर नाही ना?” रिक्षावाल्याने विचारलं.

“चावला तर तुला पेढे देतो,” काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली, मग बाटली वाचली.

“पाण्यात किती मिसळलं?”

मी सांगितलं.

“प्रमाण बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “किती वेळा लावलं?”

“एकदा,” काका म्हणाले. “सकाळी.”

“एकदाच,” मावशी म्हणाल्या. “दुपारी, जेवणं झाल्यावर.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागून बाबांनी घसा खाकरला. “मी पण एकदाच. ड्युटीवरून आल्यावर. पोरीने लिहिलेलं वाचलं, म्हटलं आपण करूया.”

“तुम्ही कशाला लावलंत?” काका मावशींना म्हणाले. “कुत्रा आमचा आहे.”

“तुमचा? रविवारची हाडं कोण घालतं त्याला?”

“औषधाचा वास नाही आला तुम्हाला?”

“वास तर रोजच येतो. मला वाटलं केमिकल कंपनीचा.”

“भांडण बाहेर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे कातडीतून आत जातं, चाटलं की पोटातून. जास्त झालं की ठोके मंदावतात, अंग गार पडतं. आधी साबणाने धुवा याला. हातमोजे घालून.”

मग आम्ही चौघांनी त्याला चौथी अंघोळ घातली. डोकं कोणी धरायचं यावरून काका आणि मावशी पुन्हा भांडले, हळू आवाजात. मी शेपटीकडे होते. कागद सगळा डोळ्यांपुढे येत होता. कुत्र्यालासुद्धा साहित्यात लिहिलं होतं मी. कोणी लावायचं आणि एकदाच लावायचं, एवढंच राहिलं होतं.

“डॉक्टर, चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी नीट लिहिलं नव्हतं.”

त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन भरता भरता माझ्याकडे पाहिलं. “बाटली आणलीस म्हणून उतारा लगेच देता येतोय. आता रडू नकोस, पाय धर.”

सलाईन लावून त्याला रात्रभर तिथेच ठेवायचं ठरलं. केसपेपरवर मालकाचं नाव हवं होतं. आमचा कुत्रा, आमचा कुत्रा म्हणणारे दोघे पेन एकमेकांपुढे सरकवत राहिले. शेवटी काकांनी पेन घेतलं आणि ‘चाळ’ असं लिहिलं. कुत्र्याच्या नावापुढे डॉक्टरबाईंनी स्वतःच ‘तपकिरी’ लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून मी आणि काका त्याला आणायला गेलो. स्टँडवर नेमका तोच रिक्षावाला पहिला होता. कुत्रा स्वतःच्या पायांनी दवाखान्याबाहेर आला, जरा डुलत. रिक्षावाल्याने कौतुकाने वाकून हात पुढे केला, तशी त्याने गुरगुरून त्याच्या शर्टाची बाही पकडली. काका एवढे हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. वाटेत रिक्षा थांबवून त्यांनी खरंच पाव किलो पेढे घेतले. रिक्षावाला बाहीकडे बघत दोन पेढे खाऊन गेला.

संध्याकाळी मी कागद काढायला नळावर गेले. बाबा तिथेच उभे होते.

“काढू नको,” ते म्हणाले. “डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवसांनी परत लावायला सांगितलंय ना. राहिलंय ते लिही.”

मी कृतीच्या खाली लिहिलं : एकाच घराने, एकदाच. वाळेपर्यंत चाटू देऊ नये. लावल्यावर इथे सही करावी.

बाटली मात्र आईने आमच्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

पंधरा दिवसांनी सकाळी मी हातमोजे घालून, बादली घेऊन नळावर आले. सगळी चाळ दारात उभी होती. काका पेन घेऊन सहीला तयार. कुत्र्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो पाण्याच्या टाकीमागच्या फटीत जाऊन बसला. चाळीने त्याला एकेका घरातल्या नावाने हाका मारल्या. पहिल्यांदाच तो एकाही नावाला आला नाही.