मिस की मिस्ड

सकाळी दूध आणायला निघालो की मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडे जाणारी एखाद्या कंपनीची बस दिसते आणि मला फतेगंजमधला इंग्रजीचा तो क्लास आठवतो. बायको गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं, म्हणून मी तिथं नाव घातलं होतं. खाली झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे वर्गात सतत गरम कागदाचा वास यायचा. बरोबरची सगळी पोरं गुजराती, कॅनडाला निघालेली, आणि शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची, आपल्याच मराठी घरातली. एके दिवशी तिनं फळ्यावर ‘मिस’ लिहिलं. बाईंना मिस म्हणतात, बस चुकली तरी मिस, आणि कोणाची आठवण आली तरी मिसच, असं समजावून तिनं वाक्यं करायला सांगितली. मी म्हणालो, “आय मिस द बस.” पोरं हसली. “मिस्ड म्हणा काका, बस गेली ना,” ती म्हणाली. मी म्हटलं, “कंपनीची बस तीस वर्षांत एकदाही चुकली नाही. राहिलेला डबा घेऊन बायको दांडिया बाजारच्या नाक्यापर्यंत धावत यायची. आता निवृत्त झालो, तर आठवण येते.” “मग मिस बरोबर आहे,” ती हळूच म्हणाली. क्लास सुटल्यावर जिन्यात मी तिला विचारलं, “माणूस गेलेलं असेल, तर मिस्ड म्हणायचं ना?” ती थांबली. “नाही काका, आठवण येते तोवर मिसच. वर्तमानकाळ.” पुढं इंग्रजी मला फारसं आलं नाही, पण घरात एकटा असलो की ते एक वाक्य मी बायकोचं नाव घेऊन मोठ्यानं म्हणतो, आणि ते बिनचूक येतं.