नमुनेवाडीचे सात ठेकेदार

तिसरा लिफाफा फोडल्यावर साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"कदम, ही नमुनेवाडी कुठं आली?"

ते गाव मीच वसवलं होतं.

मी तेव्हा बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो. त्या वर्षी कासुर्डीच्या शाळेला दोन खोल्या बांधायच्या होत्या. मुलं देवळात बसत. दोनदा टेंडर काढलं, म्हणजे काम कोण कोणत्या दरानं करेल ते सीलबंद लिफाफ्यात मागवलं. एकही लिफाफा आला नाही. पुण्याच्या ठेकेदारांना काम लहान वाटे. गावच्या मिस्त्रींना बांधता येई, पण फॉर्म भरता येत नसे. मार्चच्या आत काम दिलं नाही तर निधी परत जाणार होता. म्हणून मी शिरूर-दौंडच्या सात मिस्त्रींची ठेकेदार म्हणून नोंदणी करून घेतली आणि शिरूरला त्यांचं दोन दिवस ट्रेनिंग घेतलं. फळ्यावर नमुना फॉर्म लिहिला: गणपत रामा शिंदे, मु. पो. नमुनेवाडी. पुढं मनाला येतील ते दर. वर दम दिला, "एक अक्षर चुकलं तर फॉर्म बाद."

सातही लिफाफे गणपत शिंद्याचे निघाले. दरही तेच.

सगळ्यांना बोलावलं. त्यांतले वयानं सर्वांत मोठे सखाराम मिस्त्री, कासुर्डीतलेच. ते शांतपणे म्हणाले, "सायेब, एक अक्षर चुकलंय का बघा."

"आबा, तिथं तुमचं नाव लिहायचं होतं."

"मंग तसं सांगायचं व्हतं."

साहेब खिडकीकडं तोंड करून हसत होते. मग म्हणाले, "कदम, टेंडर पुन्हा काढा. आठ दिवसांची मुदत द्या."

या वेळी फळा बाजूला ठेवला. सगळ्यांना शाळेच्या जागेवर नेलं. वीट कुठून आणाल, वाळूला किती खेपा, गवंडी किती दिवस लागेल, हे त्यांनाच विचारलं. जो तो आपापले आकडे सांगू लागला, एकमेकांशी भांडूही लागला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सात लिफाफे आले, सात वेगळे दर. सखारामआबांचा सर्वांत कमी निघाला.

जूनआधी खोल्या उभ्या राहिल्या. भिंती ओळंब्यात सरळ, स्लॅब चोख. फक्त एका खोलीचं दार उघडलं की खिडकी झाकली जायची.

"आबा, हे काय?"

"ड्रॉइंगात तसंच हाय."

ड्रॉइंग उघडलं. खाली माझीच सही होती.

"तवाच दिसलं व्हतं," आबा म्हणाले. "पर तुम्ही इचारलं न्हाई."

दार उलट्या बाजूनं बसवून घेतलं. त्यानंतर नोकरीभर माझं प्रत्येक ड्रॉइंग आधी मिस्त्री बघायचा, मग साहेब.