पांढऱ्याखालचा हिरवा

गाडीला हात लावण्याआधी रंगतात्या डोळे मिटायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मित्राची जीप घेऊन मी इंदापूर रस्त्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा वाटलं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय! पण त्यांची बोटं बॉनेटवरून सरकत बरोबर उडालेल्या टवक्यावर येऊन थांबली.

"उसाच्या ट्रॉलीमागं चिकटून आलात न्हवं, गुरुजी? खडी उडती तितं. लांबनं चालवा की!" टवका बारीक असला तरी लगेच बुजवायचा, नाहीतर आतून गंज धरतो, हे मला त्यांनीच शिकवलं. काडीच्या टोकानं ते थेंब थेंब रंग भरायचे, आणि सुकला की ओल्या पॉलिश पेपरनं इतकं हळू घासायचे की बघणाऱ्याचा जीव जावा.

एक खोड मात्र विचित्र. कुठलीही गाडी असो, आधी सुईनं टवक्याची कड खरवडून खालचा थर बघायचे आणि विचारायचे, "पयला मालक कोन?" लोक हसायचे. मीही हसलो, झक मारली.

पुढं मी इंदापूरच्या सख्ख्या मामांची जुनी पांढरी गाडी घेतली. ती पूर्वी हिरवी होती. मामांनी रंग का बदलला, हे मी कधी विचारलं नव्हतं. दाराजवळ टवका उडाला म्हणून भर दुपारी तात्यांकडे नेली. सुई फिरली आणि पांढऱ्याखालून हिरवा रंग दिसला. तात्या थांबले. पत्रा उन्हानं कडकडत होता, तेवढाच आवाज. त्यांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली. आत कापसावर नखाएवढा हिरवा पापुद्रा होता. तो त्यांनी टवक्याशेजारी धरला. दोन्ही हिरवे अगदी एकच होते.

"माझ्या पोरीच्या सायकलीवर घावला हुता," ते म्हणाले. "पोरगी जाग्यावर गेली. गाडी थांबली न्हाय. कुनाची हुती ही, गुरुजी?"

मामांच्या घरी राहून मी शिकलो होतो. "एजंटाकडून घेतली," मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही माझी!

तात्यांनी डबी मिटून खिशात ठेवली. मग रंग कालवून त्यांनी तो टवका भरला. हात जराही हलला नाही.

महिन्याभरात शेड बंद झाली. मला चैन पडेना. शेवटी लोणी भापकरला त्यांच्या घरी गेलो. "तात्या, ती गाडी..."

"ठाव हाय. परक्याची असती तर नाव सांगितलं असतं तुमी." ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "त्यास्नी झोप लागती का, एवढं सांगा."

मामा अंथरुणाला पाठ टेकली की घोरायचे.

"नाही लागत," मी म्हणालो.