मावशींचं सेविचे

माणसाला बसल्या जागी धक्का देण्याच्या बाबतीत आमच्या मावशींचा हात धरील असं माणूस अख्ख्या विदर्भात नाही. मावशी म्हणजे माझ्या बायकोची सख्खी मावशी, म्हणजे माझ्या मावससासूबाई. नागपुरातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. पुढे निवृत्त झाल्या, यजमान गेले, एकुलता एक मुलगा समीर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घरात एकट्या उरल्यावर बाईंना उदास वाटण्याऐवजी चेवच आला. माझं लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "जावईबुवा, तुमच्या गावची माती कोणती?" मी गडबडून "काळी" म्हणालो. "मग ठीक आहे. कापूस चांगला होते," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाकलेलाच राहिलो होतो.

माणसांकडे त्या नकाशाकडे पाहावं तशा पाहत. त्यांचे यजमान शांत स्वभावाचे, ते पठार. समीर हा निद्रिस्त ज्वालामुखी. माझी बायको वैशाली वेळी-अवेळी रडते म्हणून ती जास्त पावसाचा प्रदेश. आणि मी? मी गाळाचा प्रदेश. "वाईट नका वाटून घेऊ, सुपीक राहते," अशी त्यांनी वर समजूतही काढली होती. ऑटोत बसल्या की चालकाला डावं-उजवं सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. "पुढच्या चौकातून वायव्येले घे," असा त्यांचा हुकूम. एकदा एका ऑटोवाल्यानं गाडी कडेला लावून हातच जोडले. "माय, मले मेडिकल चौक मालूम आहे, इतवारी मालूम आहे, हे वायव्य कुठं आली?" मावशींनी त्याला खाली उतरवलं, सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि भर एप्रिलच्या उन्हात आठही दिशा शिकवूनच परत गाडीत बसल्या. मी मागच्या सीटवर रुमालात तोंड लपवून बसलो होतो. पण पुढे तोच ऑटोवाला त्यांच्या घरावरून जाताना "मावशी, ईशान्येले चाललो!" अशी आरोळी ठोकून जायचा, आणि मावशी खिडकीतून "जा बेटा!" म्हणून हात हलवायच्या.

बोलणं अस्सल नागपुरी. पण राग आला, किंवा काही लपवायचं असलं, की बाई एकदम पाठ्यपुस्तकात शिरत. "काहून गा असं केलं?" हा प्रेमाचा प्रश्न. "तू असे का केलेस?" असं शुद्ध वाक्य आलं की समजावं, आता आपलं काही खरं नाही.

आणि रविवार. रविवारी आम्हा नवराबायकोला त्यांच्याकडे जेवायचं आमंत्रण असे आणि दर रविवारी एक नवा देश ताटात येई. जपानच्या रविवारी त्यांनी आम्हाला गुडघे मोडून जमिनीवर बसवलं. जेवण झालं तरी मला उठता येईना, तेव्हा एका बाजूनं बायकोनं आणि दुसऱ्या बाजूनं मावशींनी धरून मला उभं केलं. स्पेनच्या रविवारी टोमॅटोचं थंडगार सार पुढ्यात आलं. हिवाळा सुरू झालेला, खिडकीतून बोचरा वारा येतोय, आणि वाटी हाताला बर्फासारखी लागतेय. मी भीत भीत ते जरा गरम करून मागितलं. मावशी म्हणाल्या, "हे असेच असते." शुद्ध मराठीत. मी गुपचूप प्यालो आणि दोन दिवस खोकलो.

याच सुमारास समीरचा मला फोन आला. "भाऊजी, आईचं काही बरोबर दिसत नाही." शेजारच्या काकूंनी त्याला कळवलं होतं की मावशी भर दुपारी गच्चीवर एकट्याच बसून असतात, आणि मध्ये एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातून धूर आला होता. समीरनं विचारलं तर मावशींनी "डाळ करपली, त्यात काय एवढं" म्हणून विषय उडवला होता. "मी येत्या रविवारी येतोय. तिला पुण्याला घेऊन जायचं म्हणतोय. घर बंद करू. तुम्ही दोघं असा. तुमच्यासमोर ती नाही म्हणणार नाही." मला ते ऐकून कसंसंच झालं. मावशींना पुण्याला नेणं म्हणजे ऑटोवाल्यांचं सोडा, आमच्याच रविवारांचं काय करायचं? पण मुलगा आईबद्दल बोलत होता, मी काय बोलणार?

त्याच संध्याकाळी मावशींचाही फोन आला. "जावईबुवा, समीर येऊन राहिला. या रविवारी पेरू." आमच्याकडे त्या फळाला जाम म्हणतात, पण बाई शुद्ध बोलताहेत असं वाटून मी म्हटलं, "वा! मीठ-तिखट लावून?" पलीकडून दुरुस्ती झाली, "पेरू देश. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा. शनिवारी सकाळी स्कूटर घेऊन या, झिंगे आणायचे आहेत."

देशाच्या बरोबर मधोमध बसलेलं आमचं शहर. इथून समुद्र कुठल्याही बाजूला गेलं तरी लांबच. इथला मांसाहार म्हणजे मटण, तेही लाल तर्रीत बुडालेलं, रटरट शिजलेलं. अशा गावात मावशी मासळी बाजारात पदर खोचून उभ्या राहिल्या आणि मासेवालीला विचारू लागल्या, "हे खाऱ्या पाण्यातले का गोड्या?"

"पाण्यातलेच आहे नं, मावशी," ती म्हणाली.

"कोणत्या समुद्रातले?"

"आंध्राकडून येते, बर्फात."

"बंगालचा उपसागर," मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या. मी मान डोलावली. आजूबाजूची चार गिऱ्हाइकंही माना डोलावू लागली. तिथून आम्ही काटोलची संत्री घेतली, कागदी लिंबं घेतली, अननस, पपई, कोवळं शहाळं, आलं, कोथिंबीर घेतली. स्कूटरवर माझ्या पायांमध्ये अननस आणि मागे मावशी. वाटेत त्यांनी मला पेरूच्या किनाऱ्याजवळून वाहणारा थंड प्रवाह समजावून सांगितला. तोवर एक सिग्नल मी लाल असताना ओलांडला होता.

रविवारी आम्ही पोचलो तर दार समीरनं उघडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मावशी बाहेरच्या खोलीत फुलदाणी पुसत होत्या. वैशाली त्यांच्याजवळ बसली आणि समीरनं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"बघा," तो कुजबुजला.

मी पाहिलं. शेगडी गार. सिलिंडरचं बटण बंद. कुकर फळीवर पालथा. ना फोडणीचा वास, ना वाफ. ओट्यावर काचेचं एक मोठं भांडं, त्यात लिंबा-संत्र्याच्या रसात झिंगे पडलेले. वर कांदा, मिरची, पपईचे तुकडे.

"पाहुणे जेवायला बोलावले," समीरचा आवाज फाटला, "आणि स्वयंपाक करायचाच विसरली. नुसतं चिरून ठेवलं, भाऊजी. गॅस लावायचा विसरली."

इतके दिवस ज्याला आपण गंमत समजत होतो ते हे होतं? दोघंही त्या भांड्याकडे बघत उभे होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय पाहून राहिले गा दोघं?"

समीरनं डोळे पुसले. आजारी माणसाशी बोलावं तसा तो हळू म्हणाला, "आई, गॅस लावायचा राहिला वाटते. राहू दे. मी लावतो."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पाठीचा कणा ताठ झाला, आणि मला कळलं की आता पुस्तक उघडणार.

"समीर, याला सेविचे म्हणतात. याला अग्नी लागत नाही. आम्लामुळे मांसाचा पोत बदलतो. पेरूच्या किनाऱ्यावरील लोक हा पदार्थ पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. ताटे घ्या."

ताटं घेतली. मी जन्मात इतक्या भीतीनं जेवायला बसलो नव्हतो. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. शेवटी तिनं देवाचं नाव घेऊन एक झिंगा तोंडात टाकला आणि डोळे गच्च मिटले. आम्ही वाट बघत होतो. तिनं डोळे उघडले आणि दुसरा घेतला. मग मी घेतला. आधी लिंबाचा आंबटपणा झणकन कानापर्यंत गेला, मग संत्र्याचा गोडवा आला, अननस आला, शेवटी भिवापुरी मिरचीची चिमूट जिभेच्या टोकावर तडतडली, आणि या सगळ्यामधून तो झिंगा, करकरीत, ताजा. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तर्री नसताना मांसाहार चवदार लागू शकतो, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितलीच नव्हती.

समीरचा हात मात्र ताटाला लागत नव्हता.

"कच्चे नाही गा ते," मावशी एकदम साध्या आवाजात म्हणाल्या. "रंग पाहा नं. गुलाबी झाले का नाही? विजेच्या किटलीतलं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवले होते. मग गार करून रसात टाकले. तुले मी कच्चं खाऊ घालीन का?"

समीरनं खाल्लं. मग वाढून घेतलं. मग भांडं तिरपं करून तळाशी राहिलेला रस वाटीत ओतून प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही. उलट जेवण झाल्यावर "उगीच घाबरलो मी" असं माझ्या कानात म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन गाढ झोपला. वैशालीही आडवी झाली.

मावशी भांडी घासत होत्या, मी पुसत होतो. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, "पण मावशी, किटलीत कशाला? सरळ गॅसवर उकळायचं की."

त्यांचे हात थांबले.

"किटली आपणहून बंद होते, जावईबुवा," त्या म्हणाल्या. "गॅस नाही होत."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा हातातलं फडकं तसंच राहिलं.

"डाळ करपली ते खरं. पण तेव्हा मी घरातच होती. बाजूच्या खोलीत बसली होती. धूर आला तरी माह्या ध्यानात नाही आलं की हे मीच ठेवलं. मग एक दिवस गॅस चालू, अन् जाळ नाही. वासानं जागी झाली. त्या दिवशी मीच बटण बंद केलं. लायटर शेजारणीले देऊन टाकला." त्यांनी नळ सोडला, पुन्हा बंद केला. "पोहे भिजवून खाते, फळं खाते. पण पाहुण्यांपुढं किती वेळा पोहे ठेवू? मग शोधलं, बिनागॅसचं काय काय राहते जगात."

स्पेनचं ते गार सार मला आठवलं. त्याच्या पुढचे सगळे रविवार एकामागून एक आठवले. एकही ताट गरम नव्हतं. आम्ही हसत हसत ते सगळं जेवलो होतो, घरी जाऊन त्याच्या नकला केल्या होत्या. मावशींनी मला आजवर दिलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एक एकीकडे.

"समीरला सांगायला हवं," मी कसंबसं म्हणालो.

"तुम्ही नका सांगू."

"मावशी..."

"तुम्ही नका सांगू म्हटलं नं. मी सांगीन. तो उठू द्या."

मला खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. वाटलं, तो उठेल, चहा होईल, तोही किटलीतला, आणि मावशी पुन्हा दक्षिण अमेरिकेत निघून जातील. पण समीर उठून बाहेर आला, तेव्हा त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एकही वाक्य शुद्ध मराठीत नव्हतं. वैशाली रडायला लागली.

"म्हणजे दुपारी मले उल्लू बनवलं तू," समीर म्हणाला. पुण्यात राहून पुसट झालेली त्याची बोली अचानक परत आली होती.

"नाही गा," मावशी म्हणाल्या. "जेवू घातलं."

निद्रिस्त ज्वालामुखी आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, विस्मरणाची सुरुवात आहे, सावकाश वाढेल, पण एकटं ठेवू नका. पुण्याला जायचं मावशींनीच ठरवलं. कोणी त्यांना नेलं नाही. जायच्या आधी त्यांनी सगळ्यांकडे निरोपाच्या भेटी दिल्या, मासेवालीकडेसुद्धा. विमानतळावर मी पाया पडलो, तर या वेळी कुठलाही प्रश्न न विचारता त्यांनी नुसता गालावरून हात फिरवला. मला त्यातच काय ते कळलं.

आता आमचे रविवार रिकामे असतात. संत्र्यांच्या दिवसांत वैशाली ते सेविचे करून पाहते. बरं होतं, पण काही तरी राहतं. मग आम्ही पुण्याला फोन लावतो. कधी मावशी ओळखतात, भरभरून बोलतात. कधी नाही. परवा फोन त्यांनीच उचलला.

"कोण बोलून राहिलं?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते आठवलं नाही. मग नातं सांगितलं, तुमच्या वैशूचा नवरा, नागपूरहून बोलतोय. तरीही ओळख पटली नाही. पण आवाज अगदी पूर्वीसारखा, मायेचा.

"नागपूरहून? एवढ्या दुरून आले? मग असेच नका जाऊ गा," त्या म्हणाल्या. "जेवून जा."