वाडीची किंमत

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. नगरहून संगमनेर, तिथून अकोले, मग राजूरच्याही पुढं, असा एसटीत हाडं खिळखिळी करून घेत एका डोंगरवाडीला जायचो. आदल्या पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावरची दरड सुटली आणि शेवटच्या घराच्या परसात येऊन थांबली. पुढच्या पावसाआधी तिथं दगडी भिंत व्हावी, एवढंच लोकांचं मागणं होतं.

भिंतीचा अंदाजखर्च काढणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. पण नियम असा, की भिंतीमुळं जे वाचणार त्याचीही किंमत दाखवायची. ती कमी भरली तर काम नामंजूर. माणसं त्यात धरत नसत. नियम करणारा कधी दरडीखाली झोपला नसावा.

वाडीत शिरलो तर शुकशुकाट. गोठे मोकळे, कणग्या रिकाम्या. दारोदार लेंड्यांचा सडा आणि शेळी एकही नाही! 'सायेब घरातलं लिवायला येनार' एवढं ऐकून मी लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं धान्य वसूल करणाराच, असं त्यांनी धरलं. जनावरं रानात हाकलली, भांडी गवताच्या गंजीत दडवली. मी घसा कोरडा करून सांगितलं, "अहो, असेल ते दाखवा, तुमच्याच फायद्याचं आहे."

म्हातारा कारभारी हात जोडून म्हणाला, "न्हाई सायेब, आमी लई गरीब. काय बी न्हाई."

सरकारी माणूस जास्त दाखवा म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवणार? दिसलं तेवढंच लिहिता आलं. भिंत नामंजूर झाली.

ते सांगायलाही मलाच जावं लागलं. कारण ऐकून सगळे आपापल्या घरांकडं पळाले. मग दुपारपर्यंत वाडीनं सारं दरडीखालच्या मोकळ्या जागेत आणून मांडलं: शेळ्या, बैल, नाचणीची पोती, तांब्याचे हंडे. कारभाऱ्याच्या बायकोनं सुनेच्या पायातले चांदीचे तोडे काढून माझ्यापुढं ठेवले. "हे बी धरा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सगळं लिहिलं, बेरीज केली. भिंतीच्या पायाचा खर्चसुद्धा निघत नव्हता.

"किती कमी पडतंय?" तिनं विचारलं.

मी आकडा सांगितला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग तोडे उचलून सुनेच्या हातात देत म्हणाली, "एवढं औंदा न्हाई व्हायचं आमच्याच्यानं, सायेब. पुढल्या साली भरू."