कोंडीबाचा अळणी नवस

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कोंडीबा सुताला रंग देतो. सुतावर रंग चढावा म्हणून गरम टाकीत पोत्यांनी मीठ ओतावं लागतं. ते काम त्याचंच. पण चैत्र लागल्यापासून त्याच्या स्वतःच्या डब्यात मिठाचा कण नव्हता.

त्याची लेक पूनम पहिलटकरीण, आणि दिवस अवघड चाललेले. "पोरीची सुटका होईस्तोवर अळणी खाईन," असा नवस कोंडीबा बिरोबाला बोलला होता. नवस चारचौघांत सांगायचा नसतो. तो फक्त दोघांना ठाऊक होता, बायकोला, म्हणजे बजाबाईला, आणि तिप्पण्णाला. तिप्पण्णा त्याच्याच गावचा, मैंदर्गीचा. लहानपणी दोघांनी एका कळपामागं मेंढरं राखलेली. आता तिप्पण्णा कारखान्यातल्या रंगखात्याचा मुकादम होता, तरी जेवायला दोघं शेजारीच बसत.

"आमटी हाय का गरम पाणी रं ही?" तिप्पण्णा डब्यात डोकावून म्हणायचा. "बिरोबाला मिठाचं वावडं हाय व्हय?"

"तू खा की तुझी चटणी. माझ्यात कशाला बघतो?"

एके दिवशी सकाळपासूनच कोंडीबाचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. "तिप्पा, घरी जाऊ का?" त्यानं विचारलं.

"सुताचा लॉट अर्धा टाकीत हाय आन् घरी? ऊन लागलंय तुला. पाणी पी. लई पी."

कोंडीबानं ऐकलं. घाम येत राहिला, तो तांब्यामागून तांब्या रिचवत राहिला.

घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. आपण ते जेवणातून परत मिळवतो. कोंडीबाला ते मिळत नव्हतं. शरीरातल्या पेशींच्या आतही पाणी असतं, बाहेरही. जिकडं क्षार जास्त, तिकडं पाणी सरकतं. एरवी पेशी हा तोल सांभाळून असतात. पण रक्तातलं मीठ फार पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि त्या फुगतात. हातापायांत फुगायला थोडीफार जागा असते. मेंदू मात्र कवटीत कोंडलेला. तिथं जागाच नाही.

दुपारी कोंडीबा बरळायला लागला. झोकांड्या खात भिंतीला टेकला आणि ओकला. मॅनेजर धावत आले.

"काय झालं याला?"

सकाळी घरी जाऊ दिलं नाही हे आपल्या अंगावर येणार, असं तिप्पण्णाला दिसलं. "घेऊन आलाय वाटतं, साहेब," तो म्हणाला.

माणसं हसली. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाला, उतरेल म्हणून, मिठाच्या पोत्यांच्या आडोशाला निजवलं. फिट आली तेव्हा कुठं दवाखान्यात हलवलं. तिथं डॉक्टरबाईंनाही तिप्पण्णानं तेच सांगितलं.

बजाबाई आली ती ओरडतच. "दारू? अवो बाई, मीठसुदिक खात न्हाय त्यो!"

डॉक्टरबाई थबकल्या. रक्त तपासलं, तर मिठातलं सोडियम फार खाली गेलेलं. मग खारट सलाइन लावलं, तेही मोजूनमापून. फुगलेल्या पेशी स्वतःतले क्षार बाहेर टाकून हळूहळू जुळवून घेत असतात. अशात रक्तातलं मीठ एकदम वाढवलं, तर त्या आक्रसून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

कोंडीबा शुद्धीवर आला. बजाबाईनं त्याला सगळं सांगितलं. पुढं तिप्पण्णा शहाळं घेऊन भेटायला आला, तेव्हा कोंडीबानं ते हातात घेतलं नाही.

"तुला ठाऊक होतं की रं."

"चुकलं गड्या. घाबरलो."

"पूनमच्या सासरपत्तुर गेलंय, बाप पितो म्हणून. खात्यात सगळ्यांम्होरं खरं काय ते सांग. दुसरं काय मागत न्हाय."

"सांगतो की. बिरोबाची आण."

बरा होऊन कोंडीबा कामावर गेला. खात्यात शिरतो न शिरतो तोच कुणीतरी ओरडलं, "काय मामा, उतरली का?"

कोंडीबानं तिप्पण्णाकडं पाहिलं. मॅनेजर तिथंच उभे होते. तिप्पण्णा टाकीच्या कॉकवर वाकला, जणू त्यातून काही गळत होतं.

"तिप्पा, सांग की यांना."

"लॉट काढायचाय. चला, चला."

"मी पीत न्हाय," कोंडीबाच मग सगळ्यांना म्हणाला.

"पिणारा असंच म्हणतो की!"

खातं हसलं. कॉकवरून मान वर न काढता तिप्पण्णाही हसला.