मैदानाच्या भिंतीअलीकडे

गावात सगळ्यांत आधी शिकलेला म्हणून शाळेच्या समितीने काम माझ्यावर टाकले. मुलींचा कबड्डी संघ तालुक्याला न्यायचा होता. शिकवायला आणि सोबत जायला कोण, ते मी ठरवायचे. मी विचारच केला नाही. माझ्या जुन्या गुरुजींचे नाव दिले. ते मागे लागले नसते तर मी आज भाताच्या बांधीत चिखल तुडवत असतो.

आठवड्यातच एकेक पोरगी गळू लागली. माझ्या मुलीनेही खेळायला जाणे सोडले.

“काऊन वं?”

“हारलो का गुरुजी बोलतच नाही. पाणी देलं तरी घेत नाही. मले भेव वाटते. काकूले सांगा ना शिकवाले.”

मी गोंधळलो. गुरुजींच्या त्या अबोल्यानेच तर मी घडलो, असे मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावाची बायको. लग्नाआधी कॉलेजकडून खेळलेली. पण मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात सून भासऱ्यापुढे येत नाही, बोलत नाही. लग्नाला इतकी वर्षे झाली, मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. जिला काही विचारताच येत नाही, तिच्या हाती पोरी कशा द्यायच्या?

बायको हसली. “पदवी घेतली, पण इचाराले मीच पाह्यजे.” ती विचारून आली. “येतो म्हणते. पण त्याईनं मैदानाकडे यायचं नाही, म्हणते. भासरा उभा असला तं ओरडू कशी?”

पारखायचे मी, आणि पाहायचेही नाही! शेवटी ती पहिल्यांदा शिकवायला आली त्या संध्याकाळी शाळेच्या मैदानाच्या भिंतीआड उभा राहिलो.

“अवं, पाय धर तिचा! पाहून काय राहिली? पाहुणी आली का घरी?”

पोरी खिदळल्या. माझी मुलगीही. मग कोणीतरी धपकन पडले. तोच आवाज खाली आला. “लागलं का, माय? बस. पाणी पे. मंग ये.”

तिथून मी सरळ गुरुजींकडे गेलो.

“पोरी काऊन येऊन नाही राहिल्या रे?”

“गुरुजी, त्यांना तुमच्या न बोलण्याचं भेव वाटते. आता सून शिकवते आमची.”

ते गप्प झाले. मी गडव्यातून पाणी ओतून पेला पुढे धरला. त्यांनी घेतला नाही. हात अवघडला तरी पेला खाली ठेवायचा धीर होईना. लहानपणी याला मी माया म्हणत होतो. मायाच असेल. पण छातीत धडधडत होते ते मुलगी म्हणाली तसेच.

“तुले नव्हतं वाटत भेव?” खूप वेळाने त्यांनी विचारले.

पेला तसाच धरून म्हणालो, “पोरगी आजपासून परत जाऊन राहिली, गुरुजी.”